आग विझवणारी आगबोट

मराठी भाषेला नावे ठेवण्याची मोठी हौस आहे आणि तिने ठेवलेली नावे बहुधा चपखल बसतात. शिडावाचून चालणारे, पोटात कोळसा जाळून आकाशात धूर सोडणारे जहाज आपल्या पणजोबांनी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांनी कोश उघडला नाही. सरळ त्याचे नाव 'आगबोट' असे ठेवून दिले. रत्नागिरी, जयगड, दाभोळ अशा बंदरांत पडावातून आगबोटीवर चढलेली आणि भाऊच्या धक्क्यावर सामानासुमानासह उतरलेली वडीलधारी माणसे अजूनही काही घरांत भेटतात. त्यांच्या तोंडी तो शब्द आला की खाऱ्या वाऱ्याचा वास येतो.

न्यू यॉर्कच्या बंदरात मात्र ह्याच शब्दाचा एक उलटा अवतार पाहायला मिळतो. तिथे 'फायरबोट' म्हणून जी बोट आहे, तिचे शब्दशः भाषांतर केले तर ते आगबोट असेच होईल. पण ही आगबोट आग पोटात घेऊन फिरत नाही. दुसऱ्याच्या पोटातली आग विझवायला ती धावते. आपल्याकडे रस्त्यावरून घंटा वाजवीत लाल बंब जातो ना, तोच हा पाण्यावरचा बंब. म्हणून ह्या लेखापुरते आपण तिला बंबबोट म्हणू.

ह्या बोटी चालवणाऱ्या तुकडीला तिथे 'कंपनी' म्हणतात. कंपनी म्हटले की आपल्याला एक तर शेअर-डिव्हिडंड आठवतो, नाही तर नाटक कंपनी. न्यू यॉर्कच्या अग्निशमन दलात कंपनी म्हणजे एक बंब आणि त्यावरची माणसे. ही कंपनी नफा कमावीत नाही, वर्षातले बहुतेक दिवस तिला फारसे कामही नसते. आणि म्हणूनच तिचा इतिहास वाचण्यासारखा आहे. ज्या वस्तूचे काम क्वचित पडते, पण पडते तेव्हा तिच्यावाचून चालत नाही, अशी वस्तू एखादे शहर कशी सांभाळते, ह्याचा तो हिशेब आहे.

नदीकाठी राहून पाण्याला महाग

न्यू यॉर्कचा मुख्य भाग म्हणजे मॅनहॅटन हे बेट. पश्चिमेला हडसन नदी, पूर्वेला ईस्ट रिव्हर आणि दक्षिणेच्या टोकाशी, जिथे दोन्ही पाणी एकत्र येतात, तिथे विस्तीर्ण बंदर. आपल्या मुंबईसारखेच हे शहर धंद्यासाठी बंदरावर वाढले. पण चहूकडे पाणी असले म्हणजे आगीपासून भय नाही, हा समज ह्या शहराने एका रात्रीत गमावला.

ती रात्र होती १६ डिसेंबर १८३५ची. वॉल स्ट्रीटच्या परिसरात, गोदामे आणि पेढ्या ह्यांच्या दाटीत आग लागली. थंडी इतकी कडाक्याची होती की ईस्ट रिव्हर गोठलेली होती. बंबवाल्यांनी बर्फाला भोके पाडून खालचे पाणी उपसायचा प्रयत्न केला, तर ते पाणी नळ्यांतच गोठू लागले. सुमारे सातशे इमारती जळाल्या. ज्वाळांचा उजेड ऐंशी मैलांवरच्या फिलाडेल्फियातून दिसला असे सांगतात. नदी हाकेच्या अंतरावर आणि आगीवर टाकायला घागरभर पाणी नाही, अशी स्थिती.

त्या काळी बंबवाले सगळे हौशी स्वयंसेवक असत. पगारी दल १८६५ साली उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्या दलाने 'जॉन फुलर' नावाची एक टगबोट भाड्याने घेऊन तिच्यावर पंप चालवायला सुरुवात केली. हा झाला कंपनीचा श्रीगणेशा. पण भाड्याच्या घोड्यावर किती दिवस मोहीम चालणार? १८७५ साली शहराने स्वतःच्या मालकीची पहिली बंबबोट बांधली. तिला शहराच्या एका महापौराचे नाव दिले, 'विल्यम एफ. हॅवमायर'. दलाच्या दफ्तरात ती 'इंजिन कंपनी क्रमांक ४३' म्हणून नोंदली गेली. रस्त्यावरच्या घोड्यांच्या बंबांना जसे क्रमांक, तसाच तिलाही. जणू हा बंब घोड्यांऐवजी लाटांवर स्वार झाला, एवढाच फरक.

तिच्यामागून १८८२ साली लोखंडी सांगाड्याची 'झोफर मिल्स' आली. १८३५च्या आगीत झुंजलेल्या एका जुन्या स्वयंसेवकाचे हे नाव. १८९१ साली आलेली 'न्यू यॉर्कर' तर त्या काळचे आश्चर्यच समजली जाई. मिनिटाला १३,००० गॅलन पाणी फेकण्याची तिची ताकद होती. बेटाच्या दक्षिण टोकाला, बॅटरी नावाच्या भागात तिचा मुक्काम असे. पलीकडे ब्रुकलिन तेव्हा स्वतंत्र शहर होते. त्याने आपल्या वेगळ्या बोटी बांधल्या. शेजाऱ्याने रेडिओ घेतला की आपल्याही घरी हवा, असा तो प्रकार थोडासा असेलही. पण खरे कारण होते लाकडाचे धक्के.

धक्क्याखालची आग

हे धक्के म्हणजे काय, हे नीट समजले की बंबबोटीची गरज आपोआप समजते. नदीत हजारो ओंडके उभे ठोकायचे, ते कुजू नयेत म्हणून त्यांना डांबरी तेल पाजायचे, त्यांच्यावर फळ्यांची जमीन आणि त्या जमिनीवर कापूस, ताग, तेलाची पिंपे, लाकूड ह्यांनी भरलेल्या लांबलचक गोदामशेडी. अशी बोटे मॅनहॅटनच्या अंगाला दोन्ही बाजूंनी शेकड्यांनी फुटलेली होती. एखादी ठिणगी फळीच्या फटीतून खाली गेली की आग तळाकडून पसरू लागे. तेल प्यालेले ओंडके मशालीसारखे पेटत. रस्त्यावरच्या बंबाने वरून कितीही पाणी ओतले तरी ते फळ्यांवरून वाहून जाई आणि खाली आग निवांतपणे पुढे सरकत राही.

अशा वेळी नदीच्या बाजूने, पाण्याच्या पातळीवरून, धक्क्याच्या पोटात आडवा फवारा मारणारे कोणी तरी हवे. बंबबोट तेच करी. तिला पाण्याची टाकी लागत नाही. तळाच्या झडपांतून ती नदी आत ओढते आणि डेकवरच्या तोफांतून बाहेर फेकते. नदी आटेपर्यंत तिचे पाणी संपायचे नाही. बोटी वाफेवर चालत, तेव्हा बॉयलर रात्रंदिवस तापवून ठेवावे लागत. आग लागल्यावर चूल पेटवायला बसून कसे चालेल? म्हणजे काम असो वा नसो, कोळसा जळतच असे. कारभाऱ्यांच्या डोळ्यांत हा खर्च नेहमीच खुपत आला आहे.

३० जून १९०० रोजी हडसनपलीकडे होबोकनच्या जर्मन कंपनीच्या धक्क्यांना आग लागली आणि तीन मोठी जहाजे पेटली. बोटींनी आणि टगबोटींनी जहाजांना भिडून पाणी मारले. पण जहाजांच्या बाजूच्या गोल खिडक्या इतक्या अरुंद होत्या की माणसाचे डोके बाहेर येई, खांदे येत नसत. आत अडकलेली माणसे खिडकीतून हात बाहेर काढून याचना करीत होती आणि बाहेरच्यांच्या हाती फक्त पाण्याचा नळ होता. शेकडो माणसे गेली. त्यानंतर जहाजांच्या खिडक्या माणूस बाहेर पडू शकेल एवढ्या मोठ्या करण्यात येऊ लागल्या.

चारच वर्षांनी, १५ जून १९०४ रोजी, ईस्ट रिव्हरमध्ये 'जनरल स्लोकम' नावाची सहलीची बोट पेटली. एका जर्मन चर्चमधल्या बायका आणि मुले नटूनथटून वनभोजनाला निघाली होती. बोटीवर आग विझवायच्या नळ्या होत्या, पण त्या वर्षानुवर्षे वापराविना पडून कुजलेल्या. पाणी सोडताच फाटल्या. बुडणाऱ्याला तारणारी जाकिटे होती, पण त्यांतल्या बुचाचा भुगा झालेला. मागोमाग टगबोटी धावल्या, बंबबोट धावली, तोवर हजारांवर माणसे बुडून आणि जळून गेली होती. नळी होती, जाकीट होते, तपासणीचा कागदही होता. फक्त त्या वस्तूंना कोणी कधी हात लावून पाहिले नव्हते.

वर सुकाणू, खाली इंजिन

ह्या सगळ्या बोटींत जिच्यावर जीव जडावा अशी एक बोट आहे. तिचे नाव 'जॉन जे. हार्वे'. हे कोणा महापौराचे नाव नाही. हार्वे हा 'थॉमस विलेट' नावाच्या बंबबोटीचा सुकाणू धरणारा पायलट. ११ फेब्रुवारी १९३० रोजी हडसनच्या धक्क्याला लागलेले 'म्युन्शेन' हे जर्मन जहाज पेटले, त्याच्या पोटातल्या मालाचा स्फोट झाला आणि शेजारी पाणी मारीत उभा असलेला हार्वे कामावरच मरण पावला. पुढच्या वर्षी नवी बोट तयार झाली तिला शहराने त्याचे नाव दिले. महापौरांची नावे मागे पडून कामकऱ्याचे नाव बोटीवर आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९३१ची ही बोट १३० फूट लांब. दलातली वाफेवर न चालणारी ही पहिली बंबबोट. इंजिने वीज निर्माण करीत आणि त्या विजेवर पंखे फिरत, त्यामुळे पाणी फेकता फेकताच तिला हालचालही करता येई. तिची ताकद मिनिटाला १८,००० गॅलन. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो, तो दहा हजार लिटरचा धरला तर असे जवळजवळ सात टँकर दर मिनिटाला रिते करण्याइतकी.

तिची रचना मोठी मजेची आहे. वरच्या केबिनमध्ये उभा असलेला पायलट इंजिनाला हात लावू शकत नाही. तो पितळी यंत्राचा काटा फिरवून खाली हुकूम पाठवतो, पुढे, मागे, हळू, थांब. खाली इंजिनघरातला इंजिनियर त्याप्रमाणे दांडे ओढतो. पायलटला इंजिन दिसत नाही आणि इंजिनियरला नदी दिसत नाही. धक्का दोन हातांवर आला आहे की दोनशे, हे खालच्याला कळायला मार्ग नाही. सगळा कारभार विश्वासावर. आपल्याकडे स्वयंपाकघरातली आई आणि माजघरात पाने वाढणारी ताई ह्यांचे जसे न बोलता जमते, तसेच काहीसे.

१९३८ साली हार्वेला एक बलदंड धाकटे भावंड मिळाले, 'फायर फायटर'. ताकद २०,००० गॅलन. तिचा आराखडा विल्यम फ्रान्सिस गिब्ज ह्या नामांकित नौकाशिल्पकाराने केला. पुढे ह्याच गिब्जने 'युनायटेड स्टेट्स' हे अटलांटिक ओलांडणारे विक्रमी वेगाचे जहाज बांधले. आगीचा त्याने असा धसका घेतला होता की त्या प्रचंड जहाजात लाकूड फक्त पियानोत आणि खाटकाच्या ठोकळ्यात आहे, असे लोक गमतीने म्हणत.

पाण्यानेच बुडालेले जहाज

दुसऱ्या महायुद्धात ह्या दोन्ही बोटींची कसोटी लागली. पहिल्या कसोटीची कथा हुरूप वाढवणारी नाही. 'नॉर्मंडी' हे फ्रान्सचे अतिशय देखणे प्रवासी जहाज हडसनवरच्या ८८ क्रमांकाच्या धक्क्याला बांधलेले होते. सैनिकांची ने-आण करण्यासाठी त्यात फेरफार चालू होते. ९ फेब्रुवारी १९४२च्या दुपारी जोडकामाची ठिणगी तरंगत्या जाकिटांच्या ढिगावर पडली. जमिनीवरून बंब आणि नदीतून बंबबोटी पाणी मारू लागल्या. आग आटोक्यात आली. पण हजारो टन पाणी वरच्या मजल्यांवर साचून राहिले आणि जहाज एका कुशीवर झुकू लागले.

ह्या जहाजाचा शिल्पकार व्लादिमिर युर्केविच त्या वेळी न्यू यॉर्कमध्येच होता. तो धावत धक्क्यावर आला. तळाच्या झडपा उघडा, जहाज सरळ खाली बसू द्या, तळ काही फार खोल नाही, असे त्याला सांगायचे होते. पोलिसांनी त्याला आतच सोडले नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर, पहाटे पावणेतीनच्या सुमारास, जगातले ते एक सर्वांत सुंदर जहाज नदीत आडवे झाले. आगीने नव्हे, आग विझवणाऱ्या पाण्याने. बंबबोटींनी आपले काम चोख केले होते. ते पाणी केव्हा थांबवायचे हे ठरवणारा माणूस मात्र वेळेवर सापडला नाही.

रॉबिन्स रीफचा दिवा

दुसरी कसोटी पाहायची तर स्टेटन आयलंडला जाणाऱ्या नारिंगी फेरीबोटीत बसावे. तिला तिकीट पडत नाही. सुमारे पंचवीस मिनिटांचा हा प्रवास न्यू यॉर्कमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुरेख. उजव्या हाताला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा मागे पडतो, आणि काही वेळाने त्याच बाजूला खडकावर उभा असलेला एक ठेंगणा, गोल दीपस्तंभ दिसतो. तो रॉबिन्स रीफचा दिवा. ह्याच्या आसपासच्या पाण्यात २४ एप्रिल १९४३च्या रात्री एक जहाज मुद्दाम बुडवण्यात आले.

त्याचे नाव 'एल एस्टेरो'. जर्सी सिटीच्या केव्हन पॉइंट नावाच्या धक्क्यावर ते युद्धासाठी दारूगोळा भरीत होते. सुमारे १,३०० टनांहून अधिक बॉम्ब आणि तोफगोळे पोटात गेले होते. शेजारी दारूगोळ्याची आणखी जहाजे आणि रेल्वेच्या वाघिणी उभ्या. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास इंजिनघरात आग लागली आणि तळाच्या तेलकट पाण्यावरून पसरली. झडपा उघडून जहाज बुडवावे, तर त्या झडपा आगीच्याच पलीकडे.

ज्यांची मुले-सुना नोकरीसाठी तिकडे गेल्या आहेत, त्यांना जर्सी सिटी हे नाव पाठ असेल. तिथे आज मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची वाण नाही. नातवंडांना बाबागाडीत घालून आजी-आजोबा ज्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरतात, त्याच किनाऱ्यावरची ही गोष्ट आहे. जवळच्याच ब्लॅक टॉम नावाच्या ठिकाणी पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, दारूगोळ्याचा स्फोट होऊन पुतळ्याच्या हातालाही इजा झाली होती. १९१७ साली कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात अशाच एका जहाजाने सुमारे दोन हजार माणसांचा बळी घेतला होता. आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे हे न्यू यॉर्कच्या लोकांना ठाऊक होते.

तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. जहाज धक्क्यापासून तोडायचे, टगबोटींनी ओढून शहरापासून दूर न्यायचे आणि वरून पाणी भरूनच बुडवायचे. तटरक्षक दलाचे स्वयंसेवक जळत्या जहाजावर चढले. 'फायर फायटर' आणि 'जॉन जे. हार्वे' दोन्ही बाजूंना भिडल्या. डेक इतका तापलेला की पाय ठेवणे कठीण. स्फोट झाला असता तर ह्या दोन बोटींचा एक खिळाही हाती लागला नसता. नागरिकांना रेडिओवरून खिडक्यांपासून दूर राहायला सांगितले होते. ओढत ओढत जहाज रॉबिन्स रीफपाशी आले, बोटी पाणी ओततच होत्या, आणि रात्री नऊच्या सुमारास 'एल एस्टेरो' वाफेचे लोट सोडीत तळाला गेले. स्फोट झाला नाही. दुसऱ्या दिवशी लाखो लोक नेहमीसारखे चर्चला गेले, फिरायला गेले.

आणि आपली मुंबई

ही हकिगत वाचताना मुंबईच्या माणसाचे मन एकाच जागी जाते. 'एल एस्टेरो' बुडाले त्याला वर्ष पुरे व्हायला दहा दिवस बाकी होते. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके, कराचीला भरलेल्या कापसाच्या ८,७०० गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड आणि सोन्याच्या विटा. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाणही त्याच्यावर नव्हते. दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या मालकोठारातून धूर दिसू लागला.

मुंबईचे बंबवाले धावून आले. बत्तीस नळांनी त्यांनी सुमारे ९०० टन पाणी जहाजात ओतले. आतले पाणी उकळू लागले, जहाजाच्या बाजूचा रंग भाजून पापुद्रे सुटू लागले, तरी कापसाच्या पोटातली आग सापडेना. जहाज बाहेर समुद्रात न्यावे, असे एक अधिकारी म्हणत होता. जागच्या जागी बुडवावे, असे दुसरा म्हणत होता. दोन्हींत अडचणी होत्या. गोदीतले पाणी उथळ, जहाज तळाला बसले तरी पुरते बुडणार नाही. बाहेर काढायचे तर गोदीच्या दारातून टगबोटींनी ओढत न्यायला हवे. चार वाजले तरी शेवटचा शब्द कोणी उच्चारला नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा.

त्या दोन स्फोटांचे वर्णन जुन्या मुंबईकरांनी घरोघरी सांगितले आहे. मैल मैल अंतरावर काचा फुटल्या, आकाशातून जळत्या कापसाचा पाऊस पडला, सोन्याची एक वीट कोणाच्या घराचे छप्पर फोडून आत आली. शेकडो माणसे गेली. गोदीतल्या कामगारांपैकी किती गेले ह्याचा हिशेब पुरता लागलाच नाही. अग्निशमन दलाचे ६६ जवान हातात नळ धरलेल्या स्थितीत मृत्यूला सामोरे गेले. भारतभर दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ.

न्यू यॉर्कची माणसे शूर होती आणि मुंबईची कमी पडली, असे कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल. जळत्या जहाजावर नळ धरून उभे राहण्यात आपले जवान तसूभरही मागे नव्हते. फरक पडला तो दोन गोष्टींनी. तिथे उघडे बंदर होते आणि जहाजाला दोन्ही अंगांनी भिडून, ते ओढले जात असताना सोबत चालत, पाणी ओतणाऱ्या दोन समर्थ बोटी होत्या. आणि कोणी तरी एकाने वेळेवर हुकूम दिला होता. 'नॉर्मंडी'चा धडा त्या बंदरात ताजा होता, हेही विसरून चालणार नाही.

अठ्ठावीस हजार डॉलरची भंगार बोट

युद्ध संपले आणि बंदराचे रूप पालटू लागले. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाचे जहाज ५८ बंद पेट्या डेकवर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेले. कंटेनरचे युग सुरू झाले. कंटेनर ठेवायला मोकळी मैदाने हवीत, ती मॅनहॅटनमध्ये कुठली? जहाजे न्यू जर्सीकडे वळली. लाकडाचे धक्के ओस पडले, कुजले, काही कोसळले. हडसनच्या काठाने आज फिरायला गेले तर पाण्यातून वर आलेल्या काळ्या ओंडक्यांच्या रांगा ठिकठिकाणी दिसतात. त्यांच्यावर समुद्रपक्षी बसलेले असतात.

धक्के गेले तेव्हा बंबबोटी कशाला, असा प्रश्न हिशेबनिसांना पडणे साहजिक होते. बोटी एकेक करून कमी झाल्या. मधूनच बंदर त्यांना आठवण करून देई. २ जून १९७३ रोजी 'सी विच' हे कंटेनरचे जहाज सुकाणू बिघडून एका तेलवाहू जहाजावर आदळले आणि पाण्यावर जळत्या तेलाचा गालिचा पसरला. त्या आगीत शिरून 'फायर फायटर'ने तीसएक माणसे जिवंत बाहेर आणली. तरीही कपात चालूच राहिली. १९९४ साली 'जॉन जे. हार्वे' निवृत्त झाली. १९९९ साली तिचा लिलाव झाला. भंगारात जायची पाळी आलेली ही बोट काही हौशी मंडळींनी मिळून २८,०१० डॉलरला विकत घेतली. तेल-ग्रीस लावून, गंज खरवडून त्यांनी ती चालती केली आणि रविवारी मित्रमंडळींना नदीत फिरवून आणू लागली. लोक म्हणाले असतील, हत्ती पोसायचा हा कसला षोक!

११ सप्टेंबर २००१. दोन्ही मनोरे कोसळले, त्यांच्याबरोबर जमिनीखालच्या पाण्याच्या नळवाहिन्याही फुटल्या. रस्त्यावरचे बंब उभे, पण नळांना पाणी नाही. १८३५ची रात्र पुन्हा आली होती. हौशी मंडळींनी हार्वे काढली, भेदरलेल्या दीडशेएक लोकांना तिच्यावर घेतले. इतक्यात अग्निशमन दलाचा रेडिओवर संदेश आला, माणसे उतरवा आणि पंप चालवायला परत या. जुन्या बोटीला तिचा जुना मालक हाक मारीत होता.

नळांची काही तोंडे बंद करायला बुचे नव्हती, तेव्हा लाकडाचे ठोकळे आणि सोड्याच्या बाटल्या ठोकून भागवले. सत्तर वर्षांची म्हातारी पंप चालवू लागली. शेजारी 'फायर फायटर' होती, १९५४ची 'जॉन डी. मॅकीन' होती. ही मॅकीनही एका इंजिनियरच्या नावाची. १९५३ साली बंबबोटीवर वाफेचा स्फोट झाला असताना जागा न सोडता तो भाजून मेला होता. ह्या बोटींनी हडसनचे पाणी ढिगाऱ्यापर्यंत पोहोचवले. हार्वेचे पंप ऐंशी तास चालले. त्याच दिवशी फेरीबोटी, टगबोटी, होड्या अशा मिळेल त्या नावांनी सुमारे पाच लाख माणसांना बेटाबाहेर काढले, हे सांगितले तर अजूनही पुष्कळांना नवल वाटते. पुढे हार्वेवर मुलांसाठी एक रंगीत चित्रपुस्तकही निघाले आणि आगीच्या बोटीची ही गोष्ट घरोघरी पोहोचली.

तोफांची सलामी

२०१० साली शहराने दोन नव्या बोटी सेवेत घेतल्या. त्यांतल्या एकीचे नाव आहे 'थ्री फॉर्टी थ्री', म्हणजे तीनशे त्रेचाळीस. २००१च्या त्या दिवशी गेलेल्या बंबवाल्यांची ही संख्या. ती मिनिटाला ५०,००० गॅलन पाणी फेकू शकते. दुसरीला जुन्या पराक्रमी बोटीचेच नाव दिले, 'फायर फायटर २'.

सणासमारंभाच्या दिवशी, एखादे मोठे जहाज पहिल्यांदा बंदरात येते तेव्हा, ह्या बोटी मधोमध उभ्या राहून सगळ्या तोफा आकाशाकडे उघडतात. पाण्याचे प्रचंड पिसारे फुलतात, त्यांत इंद्रधनुष्ये उमटतात, फेरीबोटीतली मुले टाळ्या पिटतात. पाहुण्यांना ती शोभा वाटते. पण प्रत्येक झडप उघडते की नाही, प्रत्येक पंप पुरा दाब देतो की नाही, हे त्या निमित्ताने तपासून होते. 'जनरल स्लोकम'वरच्या कुजक्या नळ्यांची गोष्ट ज्या बंदरात घडली, तिथे ही तपासणी नुसती कागदावर होऊन भागणार नाही.

आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात फुलबाजी आणि भुईनळे घेऊन उतरली की घरातले कोणी तरी जाणते माणूस गुपचूप एक बादली पाण्याने भरून पायरीशी आणून ठेवते. बहुतेक वर्षी त्या बादलीला कोणी हात लावीत नाही. दुसऱ्या दिवशी ते पाणी तुळशीला जाते. म्हणून पुढच्या वर्षी बादली भरायची नाही, असे कोणत्या घरात ठरले आहे?